शीच्या पावडरीने पोटातले चांगले जंतू मरतात का?

कृष्णाकाठची_मी
रात्री ११.५२

जेवताजेवता धागा उघडला असेल तर आधी ताट संपवा, मग या. विषय शीचा आहे आणि मला आडपडदा ठेवून लिहिता येत नाही.

मुलगा सव्वाचार वर्षांचा, मोठ्या शिशूत. आम्ही सांगलीत. मे महिन्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. सकाळी दूध प्यायलं की दहा मिनिटांत पठ्ठ्या आपणहून जायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि गाडी बिघडली. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, दिवाळीच्या सुट्टीआधी तर सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्या मनगटाएवढा जाड खडा, त्यावर रक्ताची रेघ, आणि पोर माझ्या गळ्याला मिठी मारून ओरडतंय, "आई, परत आत घाल! परत आत घाल!"

त्यानंतर शी हा शब्द काढला की तो हॉलच्या पडद्यामागे जायचा. तिथे टाचा उचलून, पाय आवळून, सोफ्याची कड धरून उभा, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं जोर लावतोय. सासूबाई, मी, नवरा, तिघेही पडद्याबाहेर उभे राहून "हां, कर राजा, लाव जोर" म्हणायचो. डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं की तो जोर लावत नव्हता, आवरून धरत होता. म्हणजे इतके दिवस आम्ही नेमक्या उलट्या कामासाठी टाळ्या पिटत होतो.

घरगुती उपाय सगळे झाले होते. तासगाव जवळच, त्यामुळे मनुकांना तोटा नाही. रात्री भिजवून सकाळी कुस्करून पाणी द्यायचे. कोमट पाण्यात तूप झालं, अंजीर झालं, पेरू झाला. पोरगं पेरू आवडीने खायचं आणि पडद्यामागे जायचं.

शेवटी डॉक्टरांनी पोट चाचपलं. डावीकडे खाली त्यांच्या बोटाला गोळा लागला. माझंही बोट धरून तिथे टेकवलं, मलाही लागला, दगडासारखा. मग आधी पोट मोकळं करायला पावडर जास्त प्रमाणात, चार दिवस (त्या चार दिवसांवर स्वतंत्र धागा निघेल), आणि नंतर रोज एक ठरलेलं माप पाण्यात. नाव मॅक्रोगॉल, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५०. चव नाही, वास नाही, ढवळलं की दिसतही नाही. दूध तीन पेल्यांवरून दीडवर आणलं. "दोन-तीन महिने तरी चालेल, मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही," असं दोनदा बजावलं.

सहा आठवडे झाले. रोज होतेय, मऊ होतेय. आणि मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या मावसबहिणीचा फॉरवर्ड आला. या पावडरीने आतड्यातले चांगले जीवाणू कायमचे नष्ट होतात, अमेरिकेत सिद्ध झालंय, खाली पांढऱ्या उंदराचा फोटो. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. फॉरवर्ड म्हणून सोडून द्यावं तर उंदरांवरचा तसा अभ्यास खरंच झालेला दिसतोय.

आता कबुली. मी गुपचूप पावडर बंद केली. ना नवऱ्याला सांगितलं, ना डॉक्टरांना. चौथ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये आले तर पडद्याखाली दोन उचललेल्या टाचा. त्याच रात्री पावडर परत चालू केली.

जाणकारांना विचारायचंय की हे जंतूंचं काय प्रकरण आहे? सासूबाई म्हणतात पोटाला औषधाची सवय लागेल. मेडिकलवाला म्हणतो पावडर सोडा, लॅक्ट्युलोजचं सिरप न्या, त्याने चांगले जंतू वाढतात. पोराचं पोट साफ करण्याच्या नादात मी त्याचं पोट आतून उजाड करतेय का?


बटव्यातली_सुंठ
सकाळी ६.१०

अगं बाळा, इतकी घाबरू नकोस. आमच्या लहानपणी महिन्यातून एक रविवार एरंडेलाचा. वडील पितळी वाटी घेऊन दारात, आम्ही पाच भावंडं ओळीने उभी, पळायला जागा नाही. आल्याच्या कोऱ्या चहात घालून द्यायचे. तेव्हापासून मला कोरा चहा बघवत नाही. दिवसभर घरात एकच रांग, ती न्हाणीघरामागच्या संडासाला. जंतूंचं नाव कुणी काढलं नाही आणि पाचही जण सत्तरीपार आहोत.

तान्ह्या बाळाचं पोट कडक झालं तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून हलकेच लावायचा, लगेच होते. तुझा मोठा आहे, त्याला देठ पुरणार नाही.


स्पष्ट_बोलतो
सकाळी ९.२५

ग्लायकॉल म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट म्हणून घालतात ते. तेच चार वर्षांच्या मुलाला पाजायचं आणि वर जंतूंची काळजी करायची. धन्य आहे.


पेट्रीडिश
दुपारी १.०५

ताई, मी एकतीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. डॉक्टर नाही, म्हणून औषधाच्या मापावर बोलणार नाही. जंतूंवर बोलतो, ते माझं माहेर.

आधी रेडिएटर. इथिलीन ग्लायकॉल हा इवलासा रेणू, आणि तो विषारी आहे हे बरोबर. पण तसे सत्तर-पंचाहत्तर घटक एका साखळीत ओवले की जे तयार होतं ते वेगळंच द्रव्य. ३३५० हा त्या साखळीचा सरासरी रेणुभार. एवढं लांबलचक लटांबर आतड्याच्या भिंतीतून रक्तात जवळजवळ जातच नाही, आलं तसं बाहेर पडतं. सोडियमचा खडा पाण्यात टाकला तर भडका उडतो आणि सोडियम क्लोराइड आपण आमटीत घालतो. नावावरून घाबरायचं तर मीठही सोडावं लागेल.

ही साखळी पाणी धरून ठेवते, एवढंच तिचं काम. आपल्याकडे तिला तोडणारं विकर नाही आणि आतड्यातल्या जंतूंनाही ती पचत नाही. म्हणजे ती जंतूंना खाऊ नाही आणि विषही नाही. अँटिबायोटिक जंतू मारतं, ही मारत नाही. जंतूंवर जो परिणाम होतो तो वाढलेल्या पाण्याचा आणि वाढलेल्या वेगाचा. माल भराभर पुढे सरकला की सावकाश वाढणारे जंतू वाहून जातात आणि पटपट वाढणारे टिकतात.

आता तो उंदीर. अभ्यास खरा आहे, २०१८ चा, स्टॅनफर्डच्या गटाचा, 'सेल' या नियतकालिकात आलेला. उंदरांना काही दिवस पाण्यातून हीच पावडर दिली. आतड्यावर बुळबुळीत थर असतो, आतल्या भिंतीला जंतूंपासून दूर ठेवणारा, तो पातळ झाला. एस२४-७ नावाचं जंतूंचं एक मातब्बर कूळ नाहीसं झालं आणि पावडर थांबवल्यावरही परत आलं नाही. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे. त्यात गाळलंय ते असं, की त्या उंदरांना जुलाब लागतील इतकी पावडर दिली होती. जुलाबाने आतड्याचं काय होतं, हाच त्यांचा प्रश्न होता. शिवाय ते कूळ उंदराच्या पोटात जेवढं मोठं, तेवढं माणसाच्या पोटात नाही. तुमच्या मुलाला जुलाब लागलेत का? मऊ होतेय, असं तुम्हीच लिहिलंय. मऊ होणं वेगळं, जुलाब वेगळे.

माणसांचं बघायचं तर कोलोनोस्कोपीआधी आतडं धुतात त्यावरचं काम बघा. तिथे हीच पावडर लिटरच्या हिशोबाने पाजतात. २०१५ च्या एका अभ्यासात २३ निरोगी मोठ्या माणसांची आतडी अशी धुतली. जंतूंची संख्या कित्येक पटींनी खाली आली आणि दोन आठवड्यांत घडी बहुतेक पूर्ववत बसली. एका दमात पिणाऱ्यांपेक्षा दोन हप्त्यांत पिणाऱ्यांची घडी कमी विस्कटली. तुम्ही सांगलीच्या, २०१९ चा पूर बघितला असेल. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. काठावरचं सगळं वाहून गेलं, आणि पुढच्या वर्षी तिथे परत गवत होतंच. तुमच्या मुलाच्या पेल्यात पूर नाही, पाटाचं पाणी आहे.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. औषधाने जंतूंचं काय होईल हे सगळे विचारतात. सहा दिवस माल आत बसला त्याने जंतूंचं काय झालं असेल, हे कुणीच विचारत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू आधी चोथा आणि उरलेला स्टार्च खातात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात, आणि आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. माल पुढे सरकला नाही तर हा चारा संपतो. मग ते प्रथिनांकडे वळतात, आणि अमोनिया, फिनॉल, कुजक्या अंड्याचा वायू असलं सगळं तयार व्हायला लागतं. प्रयोगशाळेत ऑक्सिजनविरहित बरणीचं झाकण उघडलं की पहिल्या बाकावरची पोरं मागच्या बाकावर पळायची, तो हाच दर्प. सातव्या दिवशी तुमच्या न्हाणीघरात जो वास आला असेल तो आठवा. त्या वेळी पावडर घरात आलेलीही नव्हती. वस्ती तेव्हाच बदललेली होती.

आणि गंमत ऐका. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांत 'चांगले' जंतू कमी असणार असं आपण धरून चालतो. नेदरलँड्समध्ये २०१६ साली अशा मुलांची शी निरोगी मुलांच्या शीशी ताडून बघितली, तर बायफिडोबॅक्टेरियम लाँगम बद्धकोष्ठवाल्यांतच जास्त निघाला. हाच जंतू दह्याच्या महागड्या डब्यांवर आणि पुड्यांवर मिरवतो. चांगले-वाईट अशी शाळेतल्यासारखी विभागणी जंतूंत चालत नाही. कोण कुठे, किती वेळ आणि काय खाऊन आहे, यावर सगळं ठरतं.


स्पष्ट_बोलतो
दुपारी १.४०

मिठाचं पटलं. शब्द मागे.


कृष्णाकाठची_मी
दुपारी ३.३०

काका, तुम्ही जुलाब आणि मऊ हा फरक सांगितलात तिथे माझा अर्धा जीव खाली आला. न्हाणीघराच्या वासाबद्दल बोलू नका, नवरा दोन दिवस खिडकी उघडी ठेवून होता.

पण सिरपचं राहिलं. त्याने चांगले जंतू वाढतात हे खोटं आहे का? आणि त्या पुड्या? मेडिकलवाल्याने सिरपसोबत चांगल्या जंतूंच्या दहा पुड्याही काढून ठेवल्यात. तो बिचारा वाट बघतोय.


पेट्रीडिश
सायंकाळी ५.१५

खोटं नाही. १९५७ साली पेट्युएली नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने दाखवलं होतं की बाटलीच्या दुधावरच्या बाळांना लॅक्ट्युलोज दिलं की त्यांच्या शीत बायफिडो जातीचे जंतू वाढतात, अंगावर पिणाऱ्या बाळांसारखे. ही दोन साखरांची जोडगोळी आहे, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज. दूध तापवतानाही त्यात थोडीशी तयार होते. लहान आतड्याला ती तोडता येत नाही, म्हणून सगळी मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे जंतूंची पंगत बसते. त्यातून आम्लं होतात, पाणी ओढलं जातं, शी मऊ होते. आणि वायू होतो. भरपूर होतो. फ्रान्समध्ये २००४ साली मोठ्या माणसांत दोन्ही औषधं चार आठवडे समोरासमोर तपासली, तेव्हा बायफिडो वाढले ते लॅक्ट्युलोजवाल्यांत, मॅक्रोगॉलवाल्यांत नाहीत.

म्हणजे जंतू हेच मार्कं द्यायचं माप असेल तर सिरप पहिलं येईल. पण तुम्ही औषध कशासाठी देताय? पोर पडद्यामागून बाहेर यावं म्हणून. जे मूल दुखण्याच्या भीतीने शी धरून ठेवतं, त्याचं पोट वायूने फुगवून काय साधणार? मुलांच्या चाचण्यांत मॅक्रोगॉल लॅक्ट्युलोजपेक्षा सरस ठरलंय. म्हणून २०१४ च्या युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शक सूत्रांत आणि २०१८ च्या आपल्या भारतीय तज्ज्ञांच्या सूत्रांतही एक वर्षावरच्या मुलांना पहिली पसंती मॅक्रोगॉलला आहे. लॅक्ट्युलोज वाईट नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांना तेच देतात.

आजींच्या बटव्यात सोनामुखी असेलच. तिचं तर सगळंच जंतूंच्या जिवावर. पानातलं द्रव्य साखरेला जखडलेलं असतं. मोठ्या आतड्यातले जंतू ती साखर तोडतात तेव्हा कुठे आतडं ढवळणारं औषध मोकळं होतं. जंतू नसते तर सोनामुखी म्हणजे नुसता पाला. मी वर्गात हे सांगितलं की आयुर्वेदवाले आणि ॲलोपॅथीवाले दोघेही खूश व्हायचे, कशावरून ते मला कधी कळलं नाही. लहान मुलाला मात्र ती आपल्या मनाने देऊ नका.

पुड्या परत करा. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि पोलंडमधल्या १५९ मुलांना तीन आठवडे बायफिडो घातलेलं आंबवलेलं दूध किंवा तसंच बिनजंतूंचं दूध देऊन बघितलं. शीच्या वेळा वाढण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ताक आवडत असेल तर ताक द्या, जिरं घालून. औषध म्हणून नको.


वाकडची_दोघांची_आई
रात्री १०.२०

कृष्णाकाठच्या, पडद्यामागच्या टाचा वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे पडदा नव्हता, डायनिंग टेबलाखालची जागा होती.

आमचं आणखी बिनसलं ते असं. लेक सहा वर्षांची. शाळेतून चड्डी भरून यायला लागली. रोज थोडी थोडी, पातळ. वर्गशिक्षिकेने बोलावून सांगितलं, मुलीला जुलाब आहेत, घरी ठेवा. माझ्या आईने जायफळ उगाळून दिलं, केळं, साबुदाण्याची पेज, म्हणजे बांधायचे सगळे प्रकार. दोन आठवडे! डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, हिला जुलाब नाहीत, हिला बद्धकोष्ठ आहे. आत घट्ट गोळा बसलाय आणि वरचं पातळ त्याच्या कडेने पाझरतंय, पोरीला ते कळतही नाही. मी लेकीला त्या दोन आठवड्यांत चड्डीवरून जे जे बोलले ते आठवलं की अजून झोप उडते.

सवय लागण्याचं तुझ्या सासूबाईंना असं सांग, मला डॉक्टरांनी सांगितलेलं. पायमोज्याचं इलॅस्टिक ताणून ताणून सैल होतं तसं शेवटचं आतडं सैल पडलेलं असतं. भरलं तरी त्याला भरल्याचं कळत नाही. ते परत आवळून यायला महिने लागतात. तोवर रोज रिकामं राहिलं पाहिजे, म्हणून पावडर. इलॅस्टिक जाग्यावर यायच्या आत बंद केली की पहिले पाढे पंचावन्न. आम्ही हा मूर्खपणा दोनदा केलाय, एकदा जंतूंसाठी आणि एकदा लग्नाला कोकणात जायचं होतं म्हणून. एकूण आठ महिने लागले. शेवटी डॉक्टर सांगतील तसं माप पाव-पाव कमी केलं.

आणि एक गोष्ट, फुकटची. कमोडवर मुलांचे पाय लोंबकळतात, त्यांना जोर लावायला आधारच नसतो. मी माळ्यावरचा जेवायचा जुना पाट काढून पायाखाली ठेवला. गुडघे वर आले पाहिजेत. जेवणानंतर पाच मिनिटं बसायचं, झाली तर झाली, नाही तर उठायचं, ओरडा नाही. आईने "जेवायचा पाट संडासात?" म्हणून दोन दिवस अबोला धरला.


बटव्यातली_सुंठ
रात्री १०.४५

जेवायचा पाट??


वॉर्डातली_सिस्टर
रात्री ११.३०

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. थोडक्यात लिहिते, नाईट आहे.

उलट्या, पोट टम्म फुगणं, वजन न वाढणं, जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत न होणं, यांपैकी काही असेल तर धाग्यावर विचारत बसू नका, मूल दाखवा. अंगावर पिणारं बाळ सात-आठ दिवस शी करत नाही आणि हसतखेळत आहे, झाली की मऊ होतेय, तर बहुतेक वेळा ते बद्धकोष्ठ नसतंच. आजी, देठ नको. नाजूक जागा असते, चिरा पडलेली बाळं आमच्याकडे येतात. गुटीत मधही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो.

पावडर किमान दोन महिने, आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही किमान एक महिना, मग हळूहळू कमी, असं त्या २०१४ च्या सूत्रांत आहे. तुम्ही चार दिवस बंद केली ते डॉक्टरांना सांगा. रागावणार नाहीत. सगळ्या आया बंद करून बघतात, सांगत फक्त काहीजणीच.

शाळेत हे सुरू झालं असं लिहिलंत. शाळेचं संडास बघून आलात का?


कृष्णाकाठची_मी
(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण सिस्टरताईंच्या शेवटच्या ओळीचं देणं लागते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, चारच दिवस? माप तेच ठेवलं. जंतूंचंही विचारलं. म्हणाले, त्याला भाकरी, पालेभाजी, वरण, फळं खाऊ द्या, जंतूंचा चारा तोच, आणि पावडर चालू ठेवा. मेडिकलवाल्याला पुड्या परत केल्या. आता तो मला बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

मग शाळेत गेले. मोठ्या शिशूसाठी एकच संडास, कॉरिडॉरच्या टोकाला. दिवा गेलेला, कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर, त्यामुळे मुलांना दार लावता येत नाही, म्हणून कुणीतरी दार धरून उभं राहायचं अशी पद्धत. फरशी ओली. मावशी एक, मुलं बेचाळीस. मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे मुलं शाळेत शीला जातच नाहीत." अभिमानाने म्हणाल्या.

घरी येऊन त्याला शेजारी बसवून विचारलं, तिथे तुला काय वाटतं? आधी काहीच बोलला नाही. मग कानात सांगितलं, "तिथे पाल आहे. ती वरून बघते."

जूनपासून. सहा महिने मनुका भिजवतेय मी!

पालकसभेत विषय काढला. दोन आया लगेच पुढे आल्या, त्यांच्याही घरी तीच रड, फक्त कुणी कुणाला बोललं नव्हतं. आम्ही तिघींनी वर्गणी काढून दिवा बसवला, कडी खाली घेतली, पायाखाली ठेवायला प्लास्टिकचं स्टूल आणलं (पाट नाही, आजी, निश्चिंत राहा). मुख्याध्यापिका थोड्या फणकारल्या, पण करू दिलं. शाळेचं नाव विचारू नका.

घरी आता पडदा धुऊन परत लावलाय. परवा पाहुणे बसलेले असताना आतून आवाज आला, "आईऽऽ, केळ्यासारखी झाली, बघायला ये!" सासूबाई माझ्या आधी उठल्या. पावडर चालू आहे, पुढच्या महिन्यात माप कमी करायचं बघू म्हणालेत. शाळेत अजून एकदाच गेलाय. पाल तिथेच आहे, पण दिवा लागला की ती ट्यूबच्या मागे जाते, हे त्यानेच मला सांगितलं.